सूचिपर्णी वृक्षांच्या पानांचे वय आणि प्रकाशाची साक्ष

(शिक्षक, पंचायत सदस्य व विस्तार अधिकारी यांच्या अभ्यासवर्गात एका माहिती अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. देवदार, चीड, स्प्रूस, फर हे सूचिपर्णी वृक्ष. त्यांची नैसर्गिक अरण्ये आपल्या महाराष्ट्रात नाहीत. देवदाराची आपली ओळख बहुधा फळांच्या खोक्यांपुरतीच असते. कोकणच्या किनाऱ्यावरील सुरूची बने पाहून पुष्कळांना तो सूचिपर्णी वृक्ष वाटतो, पण तोही त्या कुळातला नव्हे. सुरूच्या ज्या हिरव्या सुया आपण पाहतो त्या त्याच्या बारीक डहाळ्या असतात. त्याची खरी पाने त्या डहाळ्यांच्या पेऱ्यांवर सूक्ष्म खवल्यांच्या रूपाने असतात. मग दूरदेशीच्या या वृक्षांच्या पानांवरून प्रकाश कसा परावर्तित होतो, याची चर्चा आपण का करावी?

याचे कारण असे की, झाडाची आणि पिकाची प्रकृती आकाशातून पाहण्याची विद्या ज्या कसोट्यांतून घडली, त्यांतील एक मोठी कसोटी या वृक्षांच्या अरण्यांत लागली. आज उपग्रहाची चित्रे आपल्या कार्यालयांपर्यंत आणि पीक-पाहणीपर्यंत आली आहेत. अशा चित्रावरून कोणाच्या शेताला ‘रोगट’ म्हणावयाचे आणि कोणाच्या शेताला ‘निरोगी’, हा प्रश्न केवळ शास्त्राचा राहत नाही. त्यावर एखाद्या कुटुंबाचे वर्षभराचे उत्पन्न अवलंबून असू शकते. म्हणून हे चित्र नेमके काय सांगते, आणि कोठे फसवू शकते, हे आपणांस ठाऊक असावयास हवे. मी स्वतः कलाशाखेचा पदवीधर. तेव्हा गणिताच्या वाटेला न जाता, शास्त्रज्ञांनी जे सिद्ध केले आहे ते साध्या शब्दांत आपणांसमोर ठेवण्याचा प्रयत्न करतो.

पान आणि प्रकाश

सूर्यप्रकाश पानावर पडला की त्याचे तीन वाटे होतात. काही भाग पान शोषून घेते, काही पानातून आरपार जातो आणि काही परत फिरतो. परत फिरणाऱ्या प्रकाशाला आपण परावर्तित प्रकाश म्हणतो. पानातील हरितद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश मोठ्या प्रमाणात शोषून घेते आणि त्या शक्तीवर अन्न तयार करते. हिरवा प्रकाश त्या मानाने कमी शोषला जातो. तो परत फिरतो, आणि म्हणून पान आपणांस हिरवे दिसते.

आपल्या डोळ्यांना न दिसणारा एक भाग यापुढे आहे. प्रकाशाची तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. माणसाच्या डोळ्याला साधारणपणे ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश दिसतो. तांबड्याच्या पलीकडे जो प्रकाश आहे त्याला अवरक्त म्हणतात. निरोगी पान तांबड्या प्रकाशातील फारच थोडा अंश परत पाठविते, परंतु लगतच्या अवरक्त प्रकाशाचा जवळजवळ निम्मा भाग ते परतवून लावते. पानाच्या आतील पेशींच्या भिंती आणि त्यांमधील हवेच्या पोकळ्या यांवर हा प्रकाश आपटून विखुरतो, हे त्याचे कारण. अमेरिकन पदार्थशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९१० मध्ये अवरक्त प्रकाशात घेतलेली छायाचित्रे प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांतील झाडांची पाने बर्फासारखी पांढरी दिसली होती.

तांबड्या प्रकाशात काळोखे असणारे पान अवरक्तात एकदम उजळते. परावर्तनाचा आलेख काढला तर ६८० ते ७५० नॅनोमीटरच्या दरम्यान एखाद्या उभ्या कड्यासारखी चढण दिसते. हिला आपण ‘तांबडी कड’ म्हणू. आजच्या विषयाचे मर्म या कडेत आहे. हरितद्रव्य भरपूर असेल तर ही कड लांब तरंगलांबीच्या बाजूस सरकते. हरितद्रव्य घटले तर ती आखूड तरंगलांबीकडे, म्हणजे वर्णपटाच्या निळ्या टोकाच्या दिशेने मागे येते. हे सरकणे अवघे काही नॅनोमीटरचे असते. डोळ्याला ते कळत नाही, पण चांगल्या वर्णपटमापक यंत्राला कळते.

याहून पुढे, १४५० आणि १९४० नॅनोमीटरच्या आसपास, पानातील पाणी प्रकाश शोषून घेते. पान सुकू लागले की या बाजूचे परावर्तन वाढते. अशा रीतीने एकाच आलेखातून तीन गोष्टी वाचता येतात : हरितद्रव्य किती आहे, पेशींची अंतर्गत रचना शाबूत आहे की नाही, आणि पाणी किती आहे.

ताण म्हणजे काय

पाण्याची टंचाई, कडाक्याची थंडी, जमिनीतील अन्नद्रव्यांची कमतरता, हवेतील विषारी वायू, कीड, बुरशी, मुळांना झालेली इजा या सर्वांना वनस्पतिशास्त्रात ‘ताण’ असे एकच नाव आहे. कारणे अनेक असली तरी पान त्यांना देत असलेले पहिले उत्तर पुष्कळदा सारखेच असते. हरितद्रव्य कमी होऊ लागते. ग्रेगरी कार्टर या शास्त्रज्ञाने निरनिराळ्या वनस्पती आणि निरनिराळे ताण यांची तुलना करून १९९३ मध्ये दाखवून दिले की, ताण कोणताही असो, ७०० नॅनोमीटरच्या आसपासचे परावर्तन बहुतेक वेळा वाढते.

हा निष्कर्ष जितका उपयोगी, तितकाच सावध करणारा आहे. ताप आला आहे एवढे तापमापक सांगतो. तो हिवतापाचा की विषमज्वराचा, हे सांगत नाही. तद्वतच तांबडी कड सरकली म्हणजे झाडाला काहीतरी होत आहे एवढे समजते. काय होत आहे ते समजत नाही. किंबहुना काही होत आहे हेही प्रत्येक वेळी खरे नसते. आणि येथेच पानाच्या वयाचा प्रश्न उभा राहतो.

एकाच फांदीवर तीन पिढ्या

आपल्या पानगळीच्या झाडांची पाने साधारणपणे वर्षभरात बदलतात. बहुतेक सूचिपर्णी वृक्षांचे तसे नसते. त्यांची सुईसारखी पाने कित्येक वर्षे फांदीवर राहतात. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील पांढऱ्या पाइनवर ती दोन-तीन वर्षे टिकतात. युरोपातील स्प्रूसवर पाच-सहा वर्षे किंवा त्याहून अधिक टिकतात. अमेरिकेच्या पश्चिमेकडील उंच पर्वतांवर ब्रिसलकोन पाइन नावाचा दीर्घायुषी वृक्ष आहे. त्याच्या सुया तर तीस-चाळीस वर्षेही झाडावर राहतात. लार्चसारखी दरवर्षी पाने गाळणारी जात अपवादात्मक समजावी.

म्हणजे अशा वृक्षाच्या एकाच फांदीवर यंदाची, गेल्या वर्षीची आणि त्याआधीची अशा अनेक पिढ्या एकत्र नांदत असतात. फांदी दरवर्षी थोडी पुढे वाढते. टोकाशी यंदाची पाने आणि खोडाच्या बाजूस जुनी पाने असा क्रम असतो. पांढऱ्या पाइनला दरवर्षी फांद्यांचे एक कडे फुटते. त्यामुळे कोणती सुई कोणत्या वर्षाची हे शाळकरी मुलालाही मोजता येते. हिमालयातील कैल हा याच पाइनचा भाऊबंद. दोघांच्याही सुया पाचपाचच्या जुडीत असतात.

नव्याने फुटलेली सुई कोवळी, फिकट हिरवी आणि मऊ असते. तिच्यात हरितद्रव्य अद्याप पुरते भरलेले नसते. त्यामुळे ती हिरवा आणि तांबडा प्रकाश अधिक परतविते आणि तिची तांबडी कड आखूड तरंगलांबीकडे असते. उन्हाळा सरत जातो तसे हरितद्रव्य वाढते, सुई गडद होते आणि कड लांब तरंगलांबीकडे सरकते. दुसऱ्या वर्षी ती पुरती प्रौढ होते. पुढे म्हातारपणी हरितद्रव्य पुन्हा उतरू लागते आणि सुई पिवळी पडून गळते.

आता आपल्या ध्यानात आले असेल की, यंत्राच्या दृष्टीने निरोगी कोवळी सुई आणि आजारी प्रौढ सुई या एकसारख्या दिसू शकतात. दोहोंत हरितद्रव्य कमी, दोहोंची कड मागे सरकलेली. एक वाढत आहे म्हणून, दुसरी खचत आहे म्हणून. आपल्याकडे फाल्गुन-चैत्रात आंब्याला फुटणारी तांबूस पालवी पाहून कोणी झाडाला रोग झाला असे म्हणत नाही. कारण आंबा आपल्या अंगणातला आहे. पण ज्याने आंबा कधी पाहिला नाही आणि केवळ आकाशातून घेतलेले चित्र पाहिले, त्याची फसगत होणे शक्य आहे.

उलट बाजूचीही फसगत होते. पांढऱ्या पाइनच्या जुन्या सुया दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात पिवळ्या पडून गळतात. झाड आतून पिवळे दिसू लागते आणि घरमालक घाबरून वनखात्याकडे चौकशी करतात. टोकाकडील यंदाच्या सुया हिरव्यागार असतील तर तेथे काळजीचे कारण नसते. झाड फक्त आपला जुना संसार आवरीत असते.

डोंगरावरील स्प्रूस का मरू लागला?

हे सारे तत्त्व म्हणून ठीक. पण त्याची खरी परीक्षा अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातील कॅमल्स हंप या सुमारे १२४० मीटर उंचीच्या डोंगरावर झाली. या डोंगरावरील झाडांची मोजणी १९६० नंतरच्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञांनी करून ठेवली होती. १९७९ मध्ये पुन्हा मोजणी झाली, तेव्हा तांबड्या स्प्रूसचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आल्याचे आढळले. तोडणी नाही, वणवा नाही, मोठी कीडही नाही. ह्यूबर्ट व्होगेलमन आणि त्यांचे सहकारी यांनी या ऱ्हासाकडे लोकांचे लक्ष वेधले. आम्लवर्षा हा शब्द त्या काळी अमेरिकेत आणि युरोपात सर्वतोमुखी झाला होता. कोळशावर चालणाऱ्या विद्युत्केंद्रांच्या धुरातील गंधकाची संयुगे पावसात व धुक्यात मिसळून शेकडो मैलांवर पडत होती.

बॅरी रॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या डोंगरावर विमानातून मोजमापे घेतली व तीच झाडे जमिनीवरूनही तपासली. १९८६ मध्ये त्यांनी दाखविले की, अवरक्ताचे दोन निवडक पट्टे घेऊन त्यांचे गुणोत्तर काढले तर अरण्याचा कोणता भाग किती खंगला आहे याचा नकाशा काढता येतो. आजारी स्प्रूसच्या सुयांत पाणी कमी आणि पेशींची रचना ढासळलेली, म्हणून हे गुणोत्तर वाढलेले. १९८८ च्या त्यांच्या अभ्यासात व्हरमाँटचा तांबडा स्प्रूस आणि पश्चिम जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्गचा स्प्रूस यांची तुलना होती. दोन्ही ठिकाणी आजारी झाडांची तांबडी कड सुमारे ५ नॅनोमीटरने मागे सरकलेली आढळली. दोन खंडांतील दोन अरण्ये, आणि प्रकाशाची साक्ष एकच.

परंतु साक्ष एक असली तरी अपराधी एकच होता काय? या प्रश्नाचे उत्तर सुयांच्या वयाने दिले.

आजार कोणत्या पिढीला झाला?

व्हरमाँटमधील तांबड्या स्प्रूसच्या बाबतीत असे दिसून आले की, हिवाळ्याच्या अखेरीस तांबूस-तपकिरी होऊन करपतात त्या मुख्यत्वे यंदाच्या, म्हणजे नुकत्याच सरलेल्या उन्हाळ्यात फुटलेल्या सुया. जुन्या सुया हिरव्याच राहतात. हा मार थंडीचा होता. पण थंडी तर तेथे युगानुयुगे पडत आली आहे. आताच ती का बाधावी? पुढील संशोधनातून उलगडा झाला. आम्लयुक्त पाऊस आणि धुके सुयांच्या पेशीपटलांशी निगडित असलेले कॅल्शियम धुऊन नेत होते, आणि त्यामुळे कोवळ्या सुयांची थंडी सोसण्याची शक्ती काही अंशांनी घटत होती. घाव थंडीने घातला, पण ढाल आधीच आम्लाने काढून घेतली होती. २००३ मध्ये अशीच मोठी हानी त्या भागात पुन्हा पाहावयास मिळाली.

जर्मनीच्या डोंगराळ भागातील पुष्कळ स्प्रूसचे चित्र नेमके उलट होते. तेथे यंदाच्या सुया हिरव्या आणि जुन्या सुया पिवळ्या, त्यातही उन्हाकडील बाजू अधिक पिवळी. हे मॅग्नेशियमच्या कमतरतेचे लक्षण. मॅग्नेशियम हा हरितद्रव्याचा अविभाज्य घटक आहे. जमिनीतून तो आम्लवर्षेने झिजून गेला की झाड आपल्या जुन्या सुयांतील साठा काढून कोवळ्या सुयांना देते. घरातील वडीलधाऱ्यांनी उपाशी राहून लेकरांना भरवावे, तशातलाच हा प्रकार. अशा अरण्यांना मॅग्नेशियमयुक्त चुनखडी दिल्यावर झाडे पुन्हा हिरवी झाली.

तिसरे उदाहरण ओझोनचे. वाहनांच्या व कारखान्यांच्या धुरावर उन्हाची क्रिया होऊन जमिनीलगत ओझोन तयार होतो. तो पर्णरंध्रांतून आत शिरतो आणि त्याची इजा साठत जाते. म्हणून त्याचे पिवळे ठिपके जुन्या सुयांवर अधिक, आणि अशा सुया मुदतीपूर्वीच गळतात. झाडावर तीनऐवजी दोन किंवा दोनाऐवजी एकाच वर्षाच्या सुया उरल्या, तर तीही एक नोंद असते.

मित्रहो, वय हा मोजमापातील केवळ एक अडथळा आहे, असे सुरुवातीस वाटते. वास्तविक तोच निदानाचा धागा आहे. कोणत्या पिढीचे पान आजारी पडले हे कळले की, आजाराच्या नावापर्यंत पोहोचता येते. ऊस लावणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे सांगावयास नको. उसावर ‘केवडा’ पडला, म्हणजे कोवळी पाने पिवळी-पांढरी झाली आणि खालची हिरवी राहिली, की चुनखडीच्या जमिनीत लोह कमी पडले असे तो ओळखतो. खालची जुनी पाने आधी पिवळी पडली तर नत्राची आठवण करतो. त्याच्या या व्यवहारज्ञानात आणि व्हरमाँटच्या संशोधनात तत्त्वाचा फरक नाही.

कायद्याने काय साधले

या संशोधनाचा शेवट प्रयोगशाळेत झाला नाही, ही विशेष समाधानाची बाब. पश्चिम जर्मनीने १९८३ मध्ये मोठ्या भट्ट्यांच्या धुरावर निर्बंध घालणारा कायदेशीर आदेश काढला आणि १९८४ पासून अरण्यांच्या प्रकृतीची दरवर्षी पाहणी सुरू केली. अमेरिकेने १९९० मध्ये आपल्या स्वच्छ हवा कायद्यात मोठी दुरुस्ती केली. त्यानंतरच्या तीन दशकांत तेथील विद्युत्केंद्रांतून बाहेर पडणारा गंधक वायू नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. आणि ज्या तांबड्या स्प्रूसला लोक मरणपंथास लागलेला समजत होते, त्याच्या खोडातील वार्षिक वलये पुन्हा रुंद होऊ लागल्याचे संशोधकांनी नोंदविले आहे. जर्मनीतही १९८० नंतरच्या दशकात व्यक्त झालेली सर्वनाशाची भीती त्या रूपात खरी ठरली नाही. ती का ठरली नाही याविषयी मतभेद असतील. पण वेळीच मोजमाप झाले आणि वेळीच उपाय झाला, हे नाकारता येणार नाही.

प्रकाश जेथे उशीर करतो

या साधनाची मर्यादाही सांगितली पाहिजे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून पाइनच्या साली पोखरणाऱ्या भुंग्यांनी थैमान घातले. १ कोटी ८० लाख हेक्टरांहून अधिक वनक्षेत्राला त्याची झळ पोहोचली. हा भुंगा सालीखाली शिरतो आणि सोबत एक बुरशी आणतो. ती खोडातील पाण्याच्या वाटा बंद करते. झाड उन्हाळ्यात वेढले जाते, पण त्याच्या सुया पुढील वसंतापर्यंत हिरव्याच दिसतात. मग त्या तांबड्या होतात, आणि काही वर्षांनी झाड करडे, निष्पर्ण उभे राहते. तांबडे झाड उपग्रहाला सहज दिसते. पण तोवर भुंगे शेजारच्या झाडांवर गेलेले असतात. उपायासाठी पकडावयास हवे ते अजून हिरवे असलेले झाड. त्यातील सूक्ष्म बदल मोजण्याची खटपट शास्त्रज्ञ करीत आहेत. २०१८ च्या दुष्काळानंतर मध्य युरोपातील स्प्रूसवर अशाच भुंग्यांची धाड आली आणि जर्मनीच्या हार्झ पर्वतातील विस्तीर्ण अरण्ये वाळून गेली. तेव्हा ही निकड पुन्हा जाणवली.

हिरवेपणा म्हणजेच कार्यक्षमता, असेही समजता येत नाही. थंड प्रदेशातील सूचिपर्णी वृक्ष हिवाळ्यात हिरवे राहतात, पण त्यांचे अन्न तयार करण्याचे काम जवळजवळ थांबलेले असते. जॉन गॅमन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९२ मध्ये ५३१ नॅनोमीटरच्या आसपासचा एक बारीक बदल मोजून पान प्रत्यक्ष किती काम करीत आहे याचा अंदाज घेण्याची रीत दिली. २०१६ मध्ये त्यांनी सदाहरित सूचिपर्णी वृक्षांच्या कामाचा ऋतुमानानुसार होणारा चढउतार पानांतील रंगद्रव्यांच्या गुणोत्तरावरून उपग्रहाद्वारे टिपता येतो हे दाखविले. युरोपचा सेंटिनेल-२ हा उपग्रह २०१५ मध्ये अवकाशात गेला, त्यावर तर तांबड्या कडेसाठी ७०५, ७४० आणि ७८३ नॅनोमीटरचे तीन स्वतंत्र पट्टे आहेत.

तरीही आकाशातून पाहताना एक अडचण कायम राहते. सुया बारीक, त्यांमध्ये फटी, फांद्यांखाली सावल्या. उपग्रहाच्या एका ठिपक्यात कोवळ्या सुया, जुन्या सुया, साल, सावली आणि जमीन हे सर्व मिसळलेले असते. प्रयोगशाळेतसुद्धा सुई यंत्राच्या झरोक्यापेक्षा अरुंद असते. त्यामुळे अनेक सुया शेजारीशेजारी मांडून त्यांमधील फटींचा हिशेब वेगळा करावा लागतो. म्हणून जमिनीवर जाऊन पाहणाऱ्या माणसाचे काम संपलेले नाही.

शाळांनी घेतलेला वाटा

ते काम कोण करणार? या बाबतीत अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातील एक उपक्रम शिक्षक बंधुभगिनींनी मुद्दाम लक्षात घेण्याजोगा आहे. न्यू हँपशायर विद्यापीठात बॅरी रॉक यांनी १९९१ मध्ये शाळांसाठी एक वननिरीक्षण कार्यक्रम सुरू केला. विद्यार्थ्यांनी शाळेजवळील पांढऱ्या पाइनची पाच झाडे निवडावयाची. त्यांच्या फांद्यांवरील सुया वर्षवार वेगळ्या करावयाच्या, त्यांची लांबी मोजावयाची, पिवळे ठिपके आणि करपलेली टोके यांची नोंद करावयाची, किती वर्षांच्या सुया झाडावर टिकून आहेत हे पाहावयाचे. नमुन्यांचा एक भाग विद्यापीठाकडे जात असे आणि तेथे वर्णपटमापकावर त्यांची तांबडी कड मोजली जात असे. मुलांच्या नोंदी आणि यंत्राची मापे यांची सांगड घालून त्या प्रदेशातील ओझोनचा झाडांवर होणारा परिणाम वर्षानुवर्षे पाहता येऊ लागला. या मुलांनी उपग्रह उडविला नाही. त्यांनी सुया वयानुसार वेगळ्या केल्या, आणि तेवढ्याने उपग्रहाच्या चित्राला अर्थ आला.

आपल्यासाठी

भारतालाही या विद्येची ओळख नवी नाही. डॉ. पी. आर. पिषारोटी यांच्या मार्गदर्शनाखाली १९७० मध्ये केरळात हेलिकॉप्टरमधून अवरक्त रंगीत फिल्मवर छायाचित्रे घेऊन नारळाच्या मुळांना होणारा रोग हुडकण्याचा प्रयोग झाला. भारतातील दूरसंवेदनाचा तो आरंभ मानला जातो. १९८८ मध्ये आपला पहिला नियमित कार्यरत दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-१ए अवकाशात गेला. तेव्हापासून वने, जलाशय आणि पिके यांच्या पाहणीत या चित्रांचा वापर वाढत गेला आहे.

सूचिपर्णी अरण्यांनी शिकविलेला धडा आपल्या शिवाराला कसा लागू पडतो, याचे एकच उदाहरण देतो. एकाच गावात आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा असा चार प्रकारचा ऊस उभा असतो. एकाच दिवशी घेतलेल्या चित्रात त्यांच्या पानांचे वय निराळे, हरितद्रव्य निराळे आणि परावर्तनही निराळे. लागणीची तारीख ठाऊक नसताना त्या चित्रावरून एका शेताला पाण्याचा ताण आहे आणि दुसऱ्याला नाही असे ठरविणे धोक्याचे आहे. ही तारीख उपग्रह सांगत नाही. ती पीकपेऱ्याच्या नोंदीत असते, किंवा नसते. ती अचूक असली तर चित्र उपयोगी पडेल, नसली तर चांगले चित्रही चुकीच्या निर्णयास कारणीभूत होईल.

यास्तव आपणा सर्वांस माझी काही नम्र सूचना आहे. अधिकारी मित्रांनी कोणत्याही चित्रावरून निष्कर्ष काढण्यापूर्वी पिकाची जात, लागणीची तारीख आणि चित्र घेतल्याचा दिवस या तीन गोष्टी शेजारीशेजारी मांडाव्यात. निष्कर्षाविषयी शंका असेल तेथे प्रत्यक्ष शिवारात जाऊन निरोगी आणि संशयित अशा दोन्ही ठिकाणची, सारख्या वयाची पाने तुलनेसाठी पाहावीत. कोवळ्याची तुलना कोवळ्याशी, जुन्याची जुन्याशी. पंचायत सदस्यांनी पीकपेऱ्याच्या नोंदी वेळच्या वेळी आणि खऱ्या व्हाव्यात यासाठी आग्रह धरावा. नुकसानीच्या पाहणीच्या वेळी कोणत्या पानांवर लक्षण आधी दिसले, हे शेतकऱ्याला आवर्जून विचारावे आणि लिहून घ्यावे. त्याचे हे उत्तर यंत्राच्या मापाइतकेच मोलाचे असते.

शिक्षकांनी शाळेच्या आवारातील किंवा गावातील पाच झाडे निवडावीत. आंबा, पिंपळ, करंज, जे असेल ते. पालवी केव्हा फुटली, पान गडद केव्हा झाले, ठिपके केव्हा आले, गळ केव्हा सुरू झाली, याची दर पंधरवड्यास नोंद ठेवावी. यासाठी वही, पेन्सिल आणि मोजपट्टी एवढेच साहित्य लागते. दोन-तीन वर्षांच्या नोंदी साठल्या की त्या गावच्या झाडांचे नेहमीचे वागणे कोणते आणि आजारपण कोणते, हे मुलांना सांगता येईल. नेहमीचे काय हे ठाऊक असलेल्यालाच वेगळे काय ते दिसते.

कॅमल्स हंपवरील स्प्रूसचा ऱ्हास लक्षात आला, कारण पंधरा वर्षांपूर्वी कोणीतरी तेथे जाऊन झाडे मोजून ठेवली होती. त्या वेळी ती मोजणी कोणत्याही संकटासाठी केलेली नव्हती. आपल्या दप्तरातील आणि शाळेच्या वहीतील साध्या नोंदींचेही मोल असेच पुढे कधीतरी कळते. त्या नोंदी आपण काळजीपूर्वक ठेवाव्यात एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.